वास नसलेलं शहर

"आई, शहरातली हॉटेलं तू निवडायची," असं आमचे चिरंजीव म्हणाले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्या मुलाने स्वतःच्या लग्नाची तारीख मला विचारून ठरवली नाही, तो मला शहरात नेणार, लॉजमध्ये ठेवणार, आणि वर कुठे जेवायचं तेही मी ठरवायचं? एवढं प्रेम अचानक उतू जायला लागलं की समजावं, खाली जाळ कुणीतरी मोठा केलाय.

आमची खाणावळ आहे. स्टँडच्या मागच्या गल्लीत, लहानशीच, पण नाव आहे. मी भटारखान्यात, मुलगा गल्ल्यावर, आणि बाहेरची टेबलं, वाढपी, गिऱ्हाइकांची बोलणी हे सगळं सुनेकडे. ही खाणावळ माझ्या आठवणीत दोनदाच बंद राहिली होती. एकदा सासूबाई गेल्या तेव्हा, आणि एकदा आमचे हे गेले तेव्हा. आता मुलगा म्हणत होता की चार दिवस कुलूप लावू, शहरातल्या नव्या हॉटेलांत जेवून येऊ, आणि आपल्याकडे दोन-चार पदार्थ वाढवू. मी विचारलं, "कुलूप लावायला आता कोण गेलंय?" तर हसला नुसता.

खरं काय ते मला ठाऊक होतं. आदल्या आठवड्यात दुपारी मी कोथिंबीर निवडत दाराआड बसले होते, आणि बाहेर टेबलं पुसता पुसता सूनबाई म्हणाली, "आईंना कळू न देताच करायला हवं." मी कान टवकारले. मुलगा म्हणाला, "कळलं तर घर डोक्यावर घेईल ती. पण असं किती दिवस चालवायचं? गिऱ्हाइकं तुटायला लागलीत." आणि मग शहरातल्या हॉटेलांचं काहीतरी बोलणं झालं. एवढं ऐकल्यावर शेंबडं पोरसुद्धा समजेल. ही दोघं माझ्या जागी आचारी शोधायला निघाली होती. मला हॉटेलं दाखवायच्या निमित्ताने न्यायचं, मागच्या दाराने माणूस ठरवायचा, आणि परत आल्यावर सांगायचं की आई, तू आता आराम कर. आराम! ज्या दिवशी मी चुलीसमोरून उठेन त्या दिवशी मला उचलूनच न्यावं लागेल, हे मी मनात पक्कं केलं आणि बॅग भरली.

गिऱ्हाइकं तुटत होती हे खोटं नव्हतं. पण त्याला कारण मी नव्हते, बाजार होता. थंडीत मला ताप येऊन गेला, आणि मी उठून पाहते तो बाजारात माल असा यायला लागलेला की विचारू नका. कांद्याला वास नाही. मसाला दळून आणला तर लाकडाचा भुसा बरा. मीठसुद्धा भेसळीचं, जिथे एक मूठ पुरायची तिथे दोन टाकावं तेव्हा कुठे जिभेला जाणवायचं. मी भाजीवाल्याशी भांडले, मसालेवाला बदलला, नवीन मसालेवाल्याशीही भांडले. सगळे एकजात चोर. समोरच्या शाळेतले मास्तर वर्षानुवर्षं आमच्याकडे जेवायचे, तेसुद्धा यायचे बंद झाले. त्यांना कुणीतरी फोडलं असणार, असं मी धरून चालले होते.

आणि घरातल्या कुणी मला काही सांगायचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे पातेल्यात एकाच माणसाचा चमचा जातो. सासूबाई होत्या तोवर त्यांचा, त्यानंतर माझा. दुसऱ्याने चाखायचं नाही, आणि विचारल्याशिवाय तोंडातून मत काढायचं नाही. दोन जिभा झाल्या की एकाच भाजीच्या दोन चवी होतात, असं सासूबाई म्हणायच्या. मी त्यांच्या हाताखाली होते तेव्हा एकदाही चाखलं नाही. सुनेनेही कधी चाखलं नाही. तेवढं एक तिचं मला आवडायचं.

शहरात पोचलो. लॉजची खोली तिसऱ्या मजल्यावर, तीन खाटा, आणि खिडकीतून हॉटेलांच्या मागच्या बाजू दिसायच्या. मला ते बरं वाटलं. हॉटेल निवडायचं तर पुढून बघायचंच नसतं. पुढची पाटी काय, पैसे दिले की कुणीही रंगवून देतो. मागे जावं, मागच्या दाराशी घटकाभर उभं राहावं, आतून येणारा वास घ्यावा, कचऱ्याचा डबा बघावा, आणि तिथले वाढपी स्वतः कुठे जेवतात ते बघावं. बस्स. मुलाची पद्धत वेगळी. तो मोबाइल काढायचा आणि सांगायचा, "आई, याला साडेचार तारे आहेत."

"कुणी दिले?"

"लोकांनी."

"कुठल्या लोकांनी? मालकाच्या मेव्हण्याने दिले असतील. मेव्हणा धरून त्याच्या ऑफिसातल्या सगळ्यांनी."

"बरं बाई, तू म्हणशील तिथे जाऊ," म्हणाला. हेही मला खटकलं. एरवी हा ताऱ्यांवरून अर्धा तास वाद घालणारा.

पहिल्या दिवशी मी त्यांना रस्ताभर फिरवलं. एकेका हॉटेलच्या मागे जाऊन उभी राहिले. भांडी घासणाऱ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, त्यांना वाटलं मी कामाच्या शोधात आलेय. पण गंमत अशी की वासच नाही! आत फोडणी चरचरताना ऐकू येतेय, धूर दिसतोय, आणि नाकाला काही नाही. पाच-सहा ठिकाणी तेच. मी म्हटलं, "हे शहर लबाड आहे. इथे कुणी काही शिजवतच नाही. बर्फातलं काढतात आणि गरम करून देतात. ताज्या अन्नाला वास येतो."

मुलाने सुनेकडे बघितलं. सुनेने मुलाकडे. ती नजर मी टिपली. पण त्या नजरेत मला हवा होता तो चोरटेपणा नव्हता, काहीतरी दुसरंच होतं, आणि ते मला वाचता आलं नाही. म्हणून जास्तच राग आला.

शेवटी मी एक हॉटेल नक्की केलं, कारण तिथे टॅक्सीवाले जेवत होते. टॅक्सीवाला शहरभर फिरतो, तो उगीच कुठे बसणार नाही. सूप मागवलं. कपडे धुतलेलं पाणी आणून ठेवलं! नंतर मासा आला, तो कागद चावावा तसा. "यात मीठ आहे कुठे?" मी विचारलं.

"मला तर बरोबर वाटतंय गं," मुलगा म्हणाला.

"तुला काय कळतंय? तू गल्ल्यावरचा माणूस."

सूनबाई खाली मान घालून जेवत होती. चांगलं चवीने जेवत होती, तेही मी बघितलं. मग हळूच म्हणाली, "आई, आपल्या घरचं जेवण आणि हे, यात तुम्हाला काय फरक वाटतो?" बघा! माझ्या तोंडून काढून घेत होती की आचारी कसला हवा. मी म्हटलं, "फरक एवढाच की घरी मी करते." जेवण झाल्यावर दोघं फुटपाथवर माझ्या चार पावलं मागे राहून कुजबुजत चालली होती. मी मुद्दाम थांबले की तीही थांबायची आणि दुकानातल्या काचेकडे बघायची. काचेच्या आत नळाच्या तोट्या होत्या. नळाच्या तोट्या एवढ्या निरखून कोण बघतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी सूनबाई म्हणाली, "आज मी एक सुचवू? कोपऱ्यावरचं ते पांढऱ्या टेबलक्लॉथचं." मी मनात म्हटलं, आलं एकदाचं! चला, तुमचा माणूस दाखवा. वरवर म्हटलं, "हो, जाऊ या की. मी काय, तुम्ही न्याल तिथे."

बसलो. ऑर्डर दिली, भाजी, रस्सा, भात. वेटर गेला तशी सूनबाई उठली. "हात धुऊन येते." हात धुवायची जागा डावीकडे, आणि ही गेली उजवीकडे. भटारखान्याचं दार झुलतं होतं. ते उघडलं की आतलं दिसायचं. एकदा उघडलं तेव्हा ती आचाऱ्यासमोर उभी होती. उंच माणूस, मिशीवाला, डोक्याला फडकं बांधलेलं. दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा तो मान हलवून नाही म्हणत होता. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा हिने त्याच्यासमोर हात जोडले होते. माझ्या सुनेने! जिने माझ्यासमोर कधी हात जोडले नाहीत, ती एका परक्या आचाऱ्याच्या विनवण्या करत होती की या बाबा, आमच्या खाणावळीत या. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता, पण त्याचा अंगठा हलत नव्हता.

ती परत आली. मी म्हटलं, "हात धुवायला एवढा वेळ? कोपरापर्यंत धुतलेस की काय?"

"गर्दी होती," ती म्हणाली. तिकडे चिटपाखरू नव्हतं.

ताटं आली. मी ठरवूनच बसले होते की आता या मिशीवाल्याची चिरफाड करायची. पहिला घास घेतला. आणि थांबले.

चव होती! कितीतरी महिन्यांनी माझ्या जिभेला काहीतरी लागलं. भुसा नाही, कागद नाही, जेवण लागलं. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. दोष काढायला बसलेली मी, भराभरा जेवायला लागले. आणि जसजशी जेवत गेले तसतसा माझा जीव खाली खाली जायला लागला. म्हणजे बाजार चोर नव्हता. असाच बाजारातला कांदा, असंच मीठ, आणि या माणसाच्या हातात ही चव. मग माझ्याच हातातली गेली होती. पोरं बरोबर होती. मी अर्धं ताट संपवलं तोवर माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

"मला सगळं माहीत आहे," मी म्हटलं. "तुम्ही का आणलंत मला, ते घरीच ऐकलं होतं मी. हाच ना तो माणूस?"

"कुठला माणूस?" मुलगा म्हणाला.

"आता नाटकं नकोत. आत आहे तो. आणा त्याला, मी उठते चुलीवरून. मी भांडायच्या तयारीने आले होते, पण हे जेवल्यावर काय भांडू? असा रस्सा मला जमलाच नसता कधी. मागेल तो पगार द्या आणि आणा."

दोघंही माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आनंद होईल त्यांना. सुनेच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"अरे बघताय काय? खाऊन बघ!" मी माझं ताट मुलापुढे ढकललं. त्याने सुनेकडे बघितलं. तिने मान खाली घातली. त्याने एक घास घेतला, चावला, आणि त्याला तो गिळवेना. गाल फुगवून बसला, मग कागदी रुमालात टाकला आणि पेलाभर पाणी घटाघटा प्यायला. माझ्या डोळ्यांसमोर आमची टेबलं आली. हल्ली आमचीही गिऱ्हाइकं अशीच पाणी प्यायची. मी म्हणायचे, उन्हाळा फार आहे.

"आई," तो म्हणाला, "मीठ आहे हे नुसतं."

"मी सांगितलं होतं त्यांना," सूनबाई म्हणाली. आवाज इतका बारीक की मला पुढे वाकावं लागलं. "तुमच्या एकटीच्या ताटात तिप्पट टाका म्हणून. ते नको म्हणत होते. यांनाही मी धड सांगितलं नव्हतं."

"मला फसवलंस?"

"हो."

एवढंच. हो. सारवासारव नाही, रडणं नाही. माझा हात शिवशिवला, खोटं कशाला बोलू. शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली होती. मग मुलगा बोलायला लागला, आणि बांध फुटल्यासारखा बोलतच सुटला. तापापासून माझी चव गेली होती. दर आठवड्याला मीठ वाढत होतं. मास्तरांना कुणी फोडलं नव्हतं, डॉक्टरांनी आमचं जेवण बंद करायला लावलं होतं. दोघांनी ठरवलं होतं की हिला तोंडावर सांगायचं नाही, परक्याच्या हातचं चार ठिकाणी खायला घालायचं, म्हणजे हिचं हिलाच उमगेल. "पण तू बाजाराला चोर म्हणालीस, मग शहराला लबाड म्हणालीस," तो म्हणाला. "आम्ही काय करायचं गं?"

मी उठले आणि सरळ भटारखान्यात गेले. मला अजून संशय होता. सगळे मिळून मला वेडी ठरवत असतील, तो रुमालसुद्धा ठरवून केलेलं नाटक असेल. आत फळीवर कांदा चिरलेला होता. मिशीवाला बाजूला झाला. मी ओंजळभर कांदा उचलला आणि नाकाशी धरला. खोल श्वास घेतला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. नाकाला काही नाही. परत घेतला. काही नाही. समोर कढई, लसणाचा डबा, मिरची, सगळीकडे वाकून वाकून हुंगलं. कांद्याने डोळे चुरचुरत होते आणि माझ्यासाठी त्या अख्ख्या भटारखान्यात फक्त गरम हवा होती.

मी घाबरले. नवरा गेला तेव्हा घाबरले नव्हते मी, तेव्हा कामं होती. त्या दिवशी घाबरले. मिशीवाल्याने स्टूल पुढे केलं, त्यावर बसले. तो म्हणाला, "मी नाही म्हणत होतो, पण तुमच्या सुनेने फार गळ घातली." मी म्हटलं, "तुमचा दोष नाही." आणि त्याची फळी पुसून दिली, कारण मी कांदा सांडला होता.

संध्याकाळी लॉजवर मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. लाज वाटत होती, दुसरं काय! एवढ्या माणसांना खारट खायला घातलं, आणि शिव्या भाजीवाल्याला. आणि रागही होता. तिने मला चारचौघांत उघडं पाडलं होतं. नीट सांगता आलं नसतं? मग मीच मला विचारलं, नीट सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? तिलाच चोर ठरवलं असतंस. मुलगा म्हणाला, "आपण डॉक्टरांना दाखवू, कधीकधी येते म्हणे परत." मी म्हटलं, "येईल तेव्हा येईल," आणि पांघरूण ओढून घेतलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलाने भीत भीत विचारलं, "आई, आज कुठे?"

"तिला विचार," मी म्हटलं.

सूनबाई गोंधळली. मग आम्ही निघालो. ती माझ्यासारखीच मागच्या गल्लीतून चालली होती, दाराशी थांबत, पुढे जात. एका ठिकाणी थांबली. "इथे," म्हणाली.

"कसला वास येतोय?"

"लसणाचा. जरासा जास्त तांबूस झालाय, पण ताजा आहे. आणि भाताचा."

मी तिच्या शेजारी उभी राहून श्वास घेतला. मला काहीच आलं नाही. ती हे मनाने सांगत होती की खरं, मला कळायला मार्ग नव्हता. हे आधी माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आता मला कुणीही फसवू शकत होतं. भाजीवाला, मसालेवाला, ही पोरं. ज्या बाईने आयुष्यभर कुणाच्या शब्दावर साधा कांदा घेतला नाही, तिला आता दुसऱ्याचं तोंड बघून जगायचं होतं. आणि ते दुसरं तोंड कुणाचं, तर कालच मला फसवणाऱ्या या मुलीचं.

आत बसलो. ताटं आली. मी नुसतीच बघत राहिले. मग विचारलं, "कसं आहे?"

"तुम्हीच सांगा ना, आई," ती सवयीने म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर तिने जीभ चावली.

"मला कळत नाही गं," मी म्हटलं. हे शब्द तोंडातून काढायला मला किती जड गेलं ते माझं मला ठाऊक. "तू सांग."

तिने माझ्या ताटातला रस्सा चाखला. "मीठ किंचित कमी आहे."

मी तिच्याकडे टक लावून बघितलं. मी दोन दिवस शहरभर मीठ कमी, मीठ कमी म्हणून ओरडत होते. मला बरं वाटावं म्हणून तर ही तसं म्हणत नसेल? मुलाकडे बघितलं तर तो ताटात बघत होता.

"खरं सांगतेस?"

"खरं."

"आणि घरी? मी चिडले, अंगावर ओरडले, तरी खरं सांगशील?"

ती बोटाने टेबलाची कड पुसत बसली. मग म्हणाली, "तुम्ही ओरडलात की मी घाबरते, आई. त्या वेळी बरोबर आहे म्हणून मोकळी होईन कदाचित. पण गिऱ्हाइकापुढे जाऊ देणार नाही. तसंच मागे आणीन आणि परत सांगेन."

हो, नेहमी खरंच सांगेन, असं म्हणाली असती तर मी विश्वास ठेवला नसता. मी ताट तिच्यापुढे सरकवलं. "घाल तुला वाटेल तेवढं."

तिने चिमूटभर घातलं, कालवलं, पुन्हा चाखलं आणि ताट मला परत दिलं. मी जेवायला लागले. मला काहीही लागलं नाही. मी सगळं संपवलं.